रविवारी कुठं?

शुक्रवारी रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पडतोच. 'रविवारी कुठं?' टाकणारी मावशी असेल, काका असेल, कधी चक्क आजीच असेल (व्हॉइस नोट, आणि शेवटी 'बंद कसं करायचं गं हे?'). पण उत्तर कुणी द्यायचं, हे आता ठरून गेलंय. ते तुम्ही द्यायचं. कारण तुमच्या फोनमध्ये सेव्ह केलेली रील्स आहेत, तुम्हाला मॅप वाचता येतो, आणि गाडी तुम्ही चालवणार आहात. आपल्या आईबाबांच्या लहानपणी सहल ठरायची ती वडीलधाऱ्यांच्या मर्जीनं: अष्टविनायक, नाहीतर महाबळेश्वर, नाहीतर सरळ मामाचं गाव. आज एकोणीस-वीस वर्षांचं पोर म्हणतं 'इथं जाऊ', आणि सहा ते ब्याऐंशी वयाची दहा माणसं रविवारी पहाटे दोन गाड्यांत बसतात.

एरवी यात गंमतच आहे. पण या पावसाळ्यात जे घडलं, ते बघून मला ही जबाबदारी जरा जड वाटायला लागली आहे. तुम्हालाही वाटावी, म्हणून हे लिहितेय.

यंदा पाऊस लवकर आला. 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत. मुंबईत मान्सून इतक्या लवकर दाखल झाल्याची नोंदच नव्हती. शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या अजून चालू, आणि बाहेर धबधबे सुरू! म्हणजे वर्षा सहलींचा मोसम तीन आठवडे आधीच उघडला. मग 15 जून आला. रविवार. मावळात इंद्रायणीवर कुंडमळा नावाची जागा आहे, तळेगावपासून जवळ. तिथला जुना अरुंद लोखंडी पूल दुपारी माणसांच्या वजनानं कोसळला. चार जण गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता. नव्या पुलाचं काम मंजूर होतं. पावसाळ्यात पर्यटकांची गर्दी होते हेही सगळ्यांना माहीत होतं. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होत्या आणि तरी पूल उघडा होता.

त्याच्या आदल्या वर्षी, 30 जून 2024. तोही रविवार. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला जंगलात धबधबा आहे. तिथं पुण्याहून आलेलं एक कुटुंब प्रवाहात उभं असताना पाणी वाढलं. एक महिला आणि चार मुलं वाहून गेली. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. एकमेकांना घट्ट धरून एका खडकावर उभी असलेली माणसं, आणि काठावर ओरडणारे लोक. मी तो एकदाच पाहिला, पुन्हा पाहायची हिंमत झाली नाही. त्या व्हिडिओतलं मला सगळ्यात खुपलं ते हे की, ती माणसं काही स्टंट करत नव्हती. कड्यावर लटकून सेल्फी काढत नव्हती, प्यायलेली नव्हती. ती आपल्यासारखीच घरची सहल करत होती.

आपल्याकडे अशा बातमीनंतरची चर्चा ठरलेली असते. 'आजकालच्या मुलांना रीलचं वेड', 'बेजबाबदार पर्यटक', 'हुल्लडबाज'. रीलचं वेड आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. जुलै 2024 मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर व्हिडिओ करताना एक तरुणी दरीत पडून गेली, तेव्हा आठवडाभर हीच चर्चा होती. पण हुल्लडबाज हा एकच शब्द वापरला की आपण सुटतो. 'आपण कुठं तसले?' असं म्हणतो आणि डबा भरतो. खरी अडचण अशी आहे की, धोका ओळखण्याचं जे थोडंफार ज्ञान ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये वरिष्ठांकडून धाकट्यांकडे यायचं, ते घरच्या सहलीत कुणाकडेच नसतं. ट्रेकला लीडर असतो, शेवटी चालणारा एक अनुभवी माणूस असतो, दोर असतो, 'आता पुरे, मागं फिरा' म्हणणारं कुणीतरी असतं. घरच्या सहलीत मागं फिरा कोण म्हणणार? बाबांना वाटतं पोराला माहीत असेल, पोराला वाटतं बाबा आहेत.

आता पाण्याचं बघू, कारण घरच्या सहलीत घात बहुतेक वेळा पाणीच करतं. सह्याद्रीचा उतार तीव्र, खाली बेसाल्टचा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. जून संपेपर्यंत ही माती पाण्यानं भरून जाते. त्यानंतर पडलेला जोराचा पाऊस मुरत नाही, थेट ओढ्यात येतो. ओढ्यांचं पाणलोट छोटं, त्यामुळे वरच्या पठारावर पाऊण तास जोर झाला की खाली काही मिनिटांत पाणी चढतं. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही उभे असता तिथं त्या वेळी ऊन पडलेलं असू शकतं. रीलमध्ये दिसतो तो धबधबा. वरचं पठार दिसत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मागच्या जुलैत आम्ही नऊ जण कर्जतच्या बाजूला एका ओढ्यावर गेलो होतो. जागा मीच शोधलेली. फारशी कुणाला माहीत नाही, गर्दी नाही, म्हणून मी जाम खूश. सहा वर्षांचा मावसभाऊ गुडघाभर पाण्यात, आजी एका सपाट खडकावर पाय सोडून बसलेली, आई कणसाला मीठ-तिखट लावत होती. पाऊस नव्हता. वरच्या बांधावर म्हशी घेऊन एक काका उभे होते, डोक्यावर इरलं. ते अचानक ओरडले, "ओ ताई, पोराला काढा आधी. पाण्याचा रंग बघा."

आम्ही बघितलं. मगाशी तळ दिसत होता, आता दुधाच्या चहासारखा रंग. त्यात पानं, काटक्या वाहत येत होत्या. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता, खरं सांगते. बाबा म्हणाले, थोडं गढूळ आहे इतकंच. पण ते काका खाली उतरायला लागले होते, त्यामुळे आम्ही भिडेखातर बाहेर आलो. आजीला दोघांनी धरून काढलं. सात-आठ मिनिटांनी आजी बसली होती तो खडक दिसत नव्हता. कणसं, चटई आणि काकांची एक चप्पल (आमच्या काकांची, म्हशीवाल्या काकांची नव्हे) गेली. येताना गाडीत कुणी बोललं नाही. रात्री आजीनं देवाजवळ दिवा लावला आणि मला एवढंच विचारलं, "तू ती जागा कुठं बघितली होतीस?"

पाणी गढूळ होणं, पालापाचोळा वाहत येणं, आवाज बदलणं. या तीन खुणा ओढ्याकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतात. आपल्याला का माहीत नाहीत? कारण आपण तिथं पाहुणे आहोत, आणि पाहुण्याला कुणी शिकवत नाही, फक्त बंदी करतं.

बंदीकडे येऊ. दरवर्षी जून-जुलैत जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येतो. पूर्वी त्याला आपण कलम 144 म्हणायचो. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 आहे. पाण्यात उतरू नका, कड्याच्या टोकाला जाऊ नका, मद्यपान नको, अमुक वाजल्यानंतर थांबू नका, काही ठिकाणी तर पाऊलच ठेवू नका. असा आदेश एका वेळी दोन महिन्यांपर्यंत चालतो, म्हणजे पावसाळा जवळपास निघून जातो. आदेश काढणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. रविवारी एका घाटरस्त्यावर हजारो गाड्या आणि बंदोबस्ताला मोजके पोलीस, अशा वेळी अधिकाऱ्याच्या हातात लगेच वापरता येईल असं दुसरं हत्यार नसतं. बंदीनं काही जीव वाचतही असतील. न घडलेल्या अपघाताची बातमी होत नाही, त्यामुळे ते मोजता येत नाही.

पण बंदीनंतर काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. भुशीला पोलीस आहेत म्हटल्यावर माणूस घरी बसत नाही. तो 'हिडन वॉटरफॉल' शोधतो. तिथं ना पोलीस, ना फलक, ना फोनला रेंज, ना कणसं विकणारी मावशी जी निदान आरडाओरडा करेल. मी शोधलेला ओढा असाच सापडला होता. बंदी असलेल्या जागेला पर्याय म्हणून! गर्दीच्या जागेतला धोका आपण बिनगर्दीच्या जागेत नेऊन ठेवतो, आणि त्यालाच आपण 'ऑफबीट' म्हणतो.

दुसरी बाजू गावाची. मावळ, मुळशी, कर्जत, अकोले, इगतपुरी या पट्ट्यात पावसाळ्याचे आठ-दहा रविवार ही कित्येक घरांची वर्षाची रोकड असते. भजी, चहा, पिठलं-भाकरी, पार्किंगचे वीस-तीस रुपये, एखादी खोली. सरसकट बंदी आली की त्यांचा मोसम बुडतो. बंदी नसली की आपण त्यांच्या भाताच्या खाचराच्या बांधावर गाड्या लावतो आणि विहिरीजवळ बाटल्या टाकतो. दोन्हीकडून तेच मरतात. आणि अपघात झाला की दोर घेऊन उतरतात तेही बहुतेक स्थानिकच. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांमधली माणसं पगारी नाहीत. आपला धंदा-नोकरी सोडून, पावसात, रात्री-बेरात्री ती दरीत उतरतात. भुशीच्या शोधातही ती होती.

आणि एक गोष्ट कुठल्याच आदेशात नसते: संडास. हसू नका. घरच्या सहलीतल्या बायकांना विचारा. आई सकाळी सहापासून पाणी पीत नाही, कारण दिवसभर जायला जागा नाही. आजीला तर हा सहलीतला पहिला प्रश्न असतो. हजारोंची गर्दी होते हे वर्षानुवर्षं माहीत असलेल्या जागी चार स्वच्छ संडास आणि एक कपडे बदलायची खोली होत नाही, पण फलकावर 'अनुचित प्रकार आढळल्यास कारवाई' मात्र असतं. ज्या जागेवर लोक येणार हे मान्यच करायचं नाही, तिथं सोय करायचा प्रश्न येत नाही. बंदीचा मला सगळ्यात मोठा तोटा हाच वाटतो. बंदी घातली की व्यवस्था लावायच्या कामातून सगळ्यांची सुटका होते.

याला उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. साताऱ्याजवळचं कास पठार. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि पुढच्या काही वर्षांत फुलांपेक्षा माणसं जास्त झाली. फुलांवर लोळून फोटो काढणारी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिलीत. मग तिथं प्रवेश शुल्क आलं, आधी ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, आणि आसपासच्या गावांच्या वन समित्यांची माणसं शिट्ट्या घेऊन उभी राहिली. सगळं आलबेल आहे असं नाही, सुट्टीच्या दिवशी तिथल्या रस्त्यावर गाड्या अडकतातच. पण तत्त्व बघा: किती माणसं येणार हे आधी ठरलं, पैसे गावाकडे गेले, आणि 'इथून पुढं नको' म्हणणारा माणूस त्याच मातीतला आहे. हेच लोणावळ्यात, भंडारदऱ्यात का होऊ नये? एक कारण मला दिसतं ते मालकीचं. धरण एकाचं, जंगल दुसऱ्याचं, रस्ता तिसऱ्याचा, बंदोबस्त चौथ्याकडे. कासला निदान जमीन कुणाची आणि जबाबदारी कुणाची हे बरंचसं स्पष्ट आहे.

आता याच वर्षीची दुसरी मोठी बातमी. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारसा जाहीर केलं. बारा किल्ले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. स्टेटस ठेवून झाले, ढोल वाजले, आणि बरोबरच आहे, आनंदाची गोष्ट आहे. पण यातला लोहगड डोळ्यासमोर आणा. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका रविवारी त्याच्या पायऱ्यांवर माणसं इतकी अडकली की ना वर जाता येई ना खाली, तो व्हिडिओ देशभर फिरला होता. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे एकामागोमाग वळणावळणाचे दरवाजे शत्रूला अडवायलाच बांधलेले आहेत. तिथं गर्दी अडकणार नाही तर काय? लहान मूल खांद्यावर घेतलेला बाप त्या ओल्या पायऱ्यांवर मध्येच अडकला, तर युनेस्कोच्या पाटीचा त्याला काही उपयोग नाही. वारशाचा दर्जा आला म्हणजे एका वेळी किती जणांना वर सोडायचं याचा आकडा ठरायला हवा. पुढच्या जूनच्या आत तो ठरतो का, यावर तुमच्या-माझ्यासारख्यांनी लक्ष ठेवायला हवं.

सरकारनं हे करावं, ते करावं असं लिहिणं सोपं असतं. एक गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे, आणि मला ती खरी गोम वाटते. आपण वर्षाचे बावन्न रविवार सोडून त्याच आठ-दहा रविवारी बाहेर पडतो. त्याच पंधरा-वीस जागी. कारण पावसाळा 'दिसतो' छान. फोटोत हिरवं येतं. पण घरच्या मंडळींना घेऊन डोंगरात जायला पावसाळा हा सगळ्यात अवघड काळ आहे, आणि आपण नेमका तोच निवडलाय.

डिसेंबर-जानेवारी घ्या. आकाश स्वच्छ, कातळ कोरडा, उन्हाचा त्रास नाही. साडेसोळाशे मीटर उंचीचं कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, बारी गावातून चढायला तेव्हा कोरड्या पायऱ्या आणि कोरड्या शिड्या मिळतात. चालणारे चालतील, न चालणारे बारीत ऊन खात बसतील. रायगडाला रोपवे आहे, त्यामुळे तिथं आजीही वर येते. आमची आली होती. जगदीश्वराच्या मंदिरापर्यंत हळूहळू चालली आणि वाटेत तिनं मला इतिहासाच्या तीन चुका सांगितल्या. त्यातल्या दोन तिच्याच होत्या, पण असो.

माझी सगळ्यात लाडकी सहल भिगवणची आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर. उजनी धरणाचं पाणी पसरतं तिथं थंडीत रोहित पक्षी येतात, फ्लेमिंगो हो. कुंभारगावात मासेमारी करणारीच माणसं होडीतून फिरवतात. जो माणूस होडी वल्हवतो त्यालाच पक्ष्यांची नावं पाठ, त्याच्याच घरी जेवायला चिलापीचं कालवण. चढ नाही, घसरण नाही. सहा वर्षांच्या मुलाला दुर्बीण द्या आणि विसरा. नाशिककरांना निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे. 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं ते. शंभर नाशिककरांपैकी किती जण तिथं गेलेत, हात वर करा बघू. भंडारा-गोंदियाच्या लोकांना नवेगाव बांध आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही.

फेब्रुवारीच्या शेवटापासून कोकणात वेळास. मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, बाणकोटच्या किल्ल्याजवळ. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 च्या सुमारास इथं कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली, आणि आता पिल्लं समुद्रात सोडायच्या दिवसांत गावातली घरं पाहुण्यांना राहायला देतात. हॉटेल नाही. मागच्या पडवीत झोपायचं, पत्रावळीवर जेवायचं, पहाटे किनाऱ्यावर जायचं. पिल्लं निघतीलच असं नाही. एकदा आम्ही गेलो तेव्हा दोन दिवसांत एकही निघालं नाही. मावसभाऊ रडला. तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघता निघता सात निघाली, आणि तो इतका गप्प झाला की आम्हालाच काळजी वाटली. निसर्ग आपल्या वेळापत्रकावर चालत नाही, हे त्याला तिथं जे कळलं ते कुठल्याही धबधब्यावर कळलं नसतं.

मे महिन्याच्या अखेरीस काजवे. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची. इथं मात्र आपण पुन्हा तीच चूक करतोय. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलावायला. त्यात आपण गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाईलचे टॉर्च मारतो, म्हणजे त्यांच्या गप्पांत भोंगा लावल्यासारखं. त्यापेक्षा कमी गर्दीच्या वारी, दूर गाडी लावून, अंधारात चालत गेलात तर अर्ध्या तासात डोळे सरावतात. आजीला हात धरून नेता येईल इतकी सपाट वाट निवडा.

आणि पावसाळ्यात घरीच बसायचं का? नाही हो. पावसाळ्यात पाण्यापासून लांबची सहल करा. लेणी घ्या: कार्ले, भाजे, बेडसे. कुणाच्या शेतात भातलावणीला जा, चिखलात दिवसभर उभं राहून बघा, धबधबा विसराल. आषाढात वारीच्या वाटेवर एखादा टप्पा चाला. सप्टेंबरात कास, आधी नोंदणी करून.

खर्चाचं म्हणाल, तर या वर्षी जानेवारीत एसटीचं भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलंय हे खरं. पण महिलांना मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट आहे. आमच्या घरात आई, मावशी आणि मी अर्ध्यात, आजी मोफत. दोन गाड्यांच्या पेट्रोल-टोलचा हिशोब करून बघा. शिवाय एसटीला शेवटची गाडी असते. तिच्यामुळे वेळेत मागं फिरावंच लागतं, आणि घरच्या सहलीला नसलेला लीडर असा फुकटात मिळतो.

पावसात जायचंच झालं तर जायच्या आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी हवामान खात्याचा इशारा बघा. त्यातले रंग सजावटीसाठी नसतात. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे 'जोरदार', 115.6 च्या वर 'अति जोरदार', 204.4 च्या वर 'अत्यंत जोरदार', आणि लाल रंग या शेवटच्यासाठी असतो. मुंबईकरांना याची आठवण नुकतीच झालीय. स्वातंत्र्यदिन शुक्रवारी आला, जोडून सुट्टी मिळाली, आणि 19 ऑगस्टला शाळा बंद ठेवाव्या लागल्या इतका पाऊस झाला. नारिंगी दिसला तरी आजी-नातवंडांची सहल रद्द. रद्द करताना ग्रुपवर कुरकुर होते. 'एवढं काही नाही', 'आम्ही तर पुरातून शाळेत जायचो' वगैरे. होऊ द्या. आणि घाटातल्या वाडीत पाऊस जोरात असताना गेलातच तर तिथल्या माणसांकडेही बघा. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. कित्येक ट्रेकर तिथं थांबून चहा प्यायलेले होते. डोंगर आपल्याला रविवारी भेटतो, त्यांना तो रोज रात्री उशाशी असतो. त्यांनी 'आज नको' म्हटलं तर तो हवामान खात्याच्या वरचा इशारा समजा.

आमच्या ग्रुपवर आता एक पद्धत सुरू झालीय. कुणी जागा सुचवली की त्याबरोबर चार ओळी लिहायच्या: तिथून गाडीपर्यंत परत यायला किती वेळ, फोनला रेंज आहे का, संडास कुठं, आणि पाणी असेल तर ते कुठून येतं. शेवटचा प्रश्न आजीनं घालायला लावला. पहिल्यांदा सगळ्यांनी चेष्टा केली, आता काकाही निमूट लिहितो.

काल रात्री मेसेज आला. गणपती तोंडावर आलेत, त्यामुळे विसर्जनानंतरच्या रविवारचं विचारणं चाललंय. मी कास सुचवलं, नोंदणीच्या पानाची लिंक टाकली. आजीची व्हॉइस नोट आली: "फुलं बघायला येते. पण संडासाचं नाही लिहिलंस तू." मग मी तिथं फोन लावला.